लाकडी कुंपण धुणं आणि स्टेन मारणं: ठाणे-नवी मुंबईत कामाचा भाव कसा काढायचा

ठाणे-नवी मुंबईत लाकडी कुंपणं फार नाहीत. कंपाउंडला भिंत असते, नाहीतर लोखंडी ग्रिल. तरी काम भरपूर आहे. येऊरचे बंगले, बेलापूरची पारसिक हिल, नेरुळ-खारघरची रो हाउसेस, घोडबंदर रोड आणि पाम बीच रोडवरचे टेरेस फ्लॅट, टॉवरच्या पोडियमवरचे पर्गोला (पट्ट्यांचं उघडं छत असलेले मांडव), क्लबहाउसचे लाकडी फळ्यांचे डेक. कुंपणाचं काम जमलं की बाकी सगळं त्याच हाताने होतं. नुसत्या कुंपणावर धंदा चालवू म्हणाल तर इथे उपाशी राहाल.

या कामात नवे येणारे बहुतेक जण रंगकामातून किंवा फर्निचर पॉलिशमधून येतात. हात चांगला असतो, गडबड होते ती भावात आणि दिवसांत. घरातलं पॉलिश रोज थोडं पुढे सरकतं. बाहेरचं लाकूड धुतलं की वाळायला सोडावं लागतं, आणि खाडीकाठच्या हवेत ते कधी वाळेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून भाव काढताना फुटांच्या आधी दिवस मोजा.

कामाचे महिने

स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग. जून ते सप्टेंबर तो बाहेर मारू नका. गिऱ्हाईक म्हणेल, "गणपतीच्या आधी करून द्या ना." नम्रपणे नाही म्हणा. दोन दिवस ऊन पडलं तरी लाकूड आतून ओलंच असतं. या महिन्यांत पाहणी करा, सुताराकडून दुरुस्त्या करून घ्या, कोटेशन द्या, हिवाळ्याच्या तारखा भरून ठेवा.

ऑक्टोबरचं ऊन लाकूड वाळवायला उत्तम, पण परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाट करत येतो. नेमकं त्याच वेळी सगळ्यांना दिवाळीच्या आधी काम हवं असतं. दसरा-दिवाळीच्या मधलं काम घेतलं तर कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा की पाऊस आला तर तारीख पुढे जाईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. येऊरसारख्या झाडीत डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असतं, तिथे दहाच्या आधी ब्रश उचलू नका. मार्चपासून ऊन इतकं तापतं की स्टेन लाकडात मुरायच्या आधी वरच सुकतो आणि पट्टे दिसतात. मग सावली बघून फिरायचं: पश्चिमेची बाजू सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. मेच्या मध्यापर्यंत काम चालतं. त्यानंतर हवेतला दमटपणा वाढतो, वळवाचीही भीती असते.

पाहणी: पैसे इथेच ठरतात

फोनवर भाव सांगू नका. "साधारण किती होतील?" याला "बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पाहणीला येतो" हेच उत्तर. पाहणीला टेप, पेचकस, पाण्याची बाटली आणि शक्य असेल तर लाकडातली ओल मोजणारं मॉइश्चर मीटर न्या.

आधी ते लाकूड आहे का ते बघा. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये ज्याला सगळे लाकूड म्हणतात ते कित्येकदा डब्ल्यूपीसी असतं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. कापलेलं टोक बघा. रेषा नसतील, आत पोकळ कप्पे असतील, तर त्यात आपला स्टेन मुरणार नाही. ते फक्त धुवून द्यायचं काम.

लाकूड असेल तर सागवान की पाइन? जुन्या बंगल्यांत सागवान, नव्या कामांत बहुधा आयात केलेलं पाइन. सागवानात मुळातच तेल असतं, ते टिकतं, पण स्टेन कमी पितं. पाइन मऊ असतं, स्टेन भरपूर पितं आणि प्रेशर मशीनने (पाण्याचा जोरदार फवारा मारणाऱ्या) पटकन फाटतं. हिरवट झाक असलेलं पाइन म्हणजे कीड-बुरशीचं औषध पाजलेलं लाकूड. ते नवं असेल तर आधी काही आठवडे वाळू द्यावं लागतं.

मग रंग बघा. एकसारखा राखाडी असेल तर घाबरायचं कारण नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचा वरचा पापुद्रा मेलेला असतो, खाली लाकूड चांगलं असतं. काळे ठिपके असतील तर बुरशी. खिळ्याच्या भोवती निळसर काळे ओघळ असतील तर सागवानातलं टॅनिन आणि गंज यांची रासायनिक क्रिया झालेली आहे. खाडीच्या खारट हवेत साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात, त्यामुळे वाशी-सीवूड्सकडे हे फार दिसतं. ओळखायची सोपी खूण: डागावर घरगुती ब्लीचचा थेंब टाका. दोन-चार मिनिटांत फिकट झाला तर बुरशी, नाहीतर बहुधा गंज. नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवा.

चौथी गोष्ट आधीचा थर. पाण्याचे थेंब टाका. लाकडाने पाणी पटकन प्यायलं तर उत्तम. थेंब मोत्यासारखे वरच राहिले तर जुनं वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) अजून शिल्लक आहे, आणि ते खरवडल्याशिवाय नवा स्टेन आत जाणार नाही. हे खरवडणं हा भावातला सगळ्यात मोठा फरक. तेवढ्याच कुंपणाला मजुरी दुप्पट-तिप्पट लागू शकते. नव्या माणसाचा तोटा बहुतेक वेळा इथेच होतो, कारण लांबून वॉर्निशही "जुनं लाकूड" वाटतं.

शेवटी पेचकस घेऊन खांबांच्या बुंध्याशी, जमिनीलगत टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. त्यावर स्टेन मारून देऊ नका. सुताराचं काम वेगळं, त्याचा भाव वेगळा, आणि ते आधी.

निघताना पाणी आणि वीज विचारा. छोटं प्रेशर मशीन मिनिटाला सहा लिटर पाणी ओढतं, म्हणजे तासाला साडेतीनशे लिटरच्या वर. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात असेल तर सोसायटीचे सेक्रेटरी काका नळाकडे बोट दाखवण्याऐवजी दाराकडे दाखवतील. फ्लशिंगची पुनर्वापराची लाइन वापरू नका, ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं आणि त्याचे फवारे अंगावर येतात. मशीन दीड-दोन हजार वॉटचं असतं, त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. बाल्कनीतला बहुधा सहाचा असतो. ओल्यात काम आहे, त्यामुळे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसलेल्या लाइनवर मशीन लावू नका.

मोजमाप

कुंपण रनिंग फुटात सांगितलं जातं, पण हिशेब स्क्वेअर फुटात करा. लांबी गुणिले उंची, आणि दोन्ही बाजू करायच्या असतील तर गुणिले दोन. पट्ट्यांमध्ये फटी आहेत म्हणून क्षेत्रफळ कमी धरू नका. फटीत वाचतं ते पट्टीच्या कडांवर जातं. आडवी-उभी जाळी असेल तर मी एका बाजूच्या मापाची सरळ अडीचपट धरतो. जाळीचं काम ब्रशने चिडचिड करत होतं, आणि त्या चिडचिडीचेही पैसे घ्यावेत.

शेजाऱ्याच्या बाजूचं तोंड कोण करणार, हे आधीच विचारा. रो हाउसमध्ये यावरून वाद होतात, आणि त्यात मध्ये तुम्ही उभे असता.

भाव कसा बसवायचा

समजा साठ रनिंग फूट कुंपण, पाच फूट उंच, दोन्ही बाजू: ६०० स्क्वेअर फूट. लाकूड राखाडी झालंय, वॉर्निश नाही, दोन हात स्टेन. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, तुमच्या भागातले चालू दर त्या जागी घाला.

धुणं दीड दिवस, घासणं एक, पहिला हात दीड, दुसरा एक. एकूण पाच दिवस. मिस्त्री १२०० आणि हेल्पर ८०० धरले तर १०,००० रुपये. मिस्त्री तुम्ही स्वतः असाल तरी ते १२०० धरायचेच. "मी तर घरचाच" म्हणून सोडून दिलेली मजुरी पुढे दुसरा माणूस ठेवायची वेळ आली की अंगावर येते.

स्टेन: डब्यावर लिहिलेलं कव्हरेज गुळगुळीत लाकडाचं असतं. जुन्या खरबरीत लाकडावर पहिल्या हाताला लिटरमागे ५० फूट धरा, दुसऱ्याला ७५. म्हणजे १२ आणि ८, मिळून २० लिटर. लिटरला ६०० धरले तर १२,०००. धुण्याची पावडर, पॉलिश पेपर, ब्रश, प्लास्टिक, चिंध्या, ग्लोव्ह्ज, मास्क ३,०००. टेम्पो आणि येणंजाणं २,०००. मशीनची झीज १,५००. बेरीज २८,५००.

आता तो भाग जो नवे लोक विसरतात. पाहणीच्या फेऱ्या, फोन, सोसायटीचा गेटपास, पावसाने बुडालेला दिवस, काम झाल्यावर "इथे थोडं राहिलंय" म्हणून आलेलं बोलावणं. यासाठी दहा टक्के: २,८५०. झाले ३१,३५०. त्यावर वीस टक्के नफा, ६,२७०. एकूण ३७,६२०, म्हणजे फुटाला ६३ रुपयांच्या आसपास.

आता वाळण्याचे दिवस. धुतल्यानंतर दोन-तीन दिवस आणि दोन हातांच्या मध्ये कदाचित एक दिवस हेल्पर रिकामा बसतो. तो पगारी असेल तर ते दिवस या हिशेबात यायलाच हवेत. उपाय एकच: दोन कामं एकाच वेळी, जवळजवळ. खारघरचं धुतलं की वाळेपर्यंत बेलापूरला घासायला जायचं. एक काम येऊरला आणि दुसरं उलव्याला घेतलंत तर वाचलेले दिवस रस्त्यात जातात.

छोट्या कामांना किमान आकडा ठरवून ठेवा. आठ फुटांचं एक गेट असलं तरी मशीन, टेम्पो आणि दोन फेऱ्या चुकत नाहीत. त्याला फुटाचा दर लावलात तर खिशातून भराल.

"आमचा सुतार तर तीस रुपयांत करतो हो," असं मॅडम म्हणाल्या तर सुताराला नावं ठेवू नका. विचारा की त्यात धुणं आहे का, किती दिवस वाळवणार, मटेरियल कोणतं. बहुतेक वेळा तीस रुपयांत न धुता वरून एक हात वॉर्निश असतो. तुमच्या कोटेशनमध्ये या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असल्या की वेगळं पटवावं लागत नाही.

कोटेशन साधं ठेवा, पण लेखी द्या. असं काहीसं:

"समोरचं कुंपण, दोन्ही बाजू, ६०० स्क्वेअर फूट. धुणं, डाग काढणं, वाळवणं, घासणं, ऑइल बेस सेमी-ट्रान्स्परंट स्टेन दोन हात. सुतारकाम वेगळं. पाणी व वीज आपल्याकडून. पाऊस आल्यास तारीख पुढे जाईल. ४० टक्के ॲडव्हान्स, ४० धुऊन झाल्यावर, २० काम संपल्यावर."

धुऊन झाल्यावरचा हप्ता मुद्दाम आहे. राखाडी लाकडाचं पुन्हा सोनेरी लाकूड झालेलं डोळ्यांनी दिसतं, तेव्हा चेक पटकन निघतो. सोसायटीचं काम असेल तर पॅन कार्डची प्रत द्या, बिलातून टीडीएस कापला जाऊ शकतो. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते. त्याआधी बिलावर जीएसटी लावू नका.

नमुना

काम सुरू करण्याआधी कोपऱ्यात फूटभर जागा धुवा, वाळवा, त्यावर दोन-तीन शेड मारून दाखवा. डब्यावरचा रंग आणि त्या लाकडावरचा रंग कधीच सारखे नसतात. पसंत पडलेल्या शेडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "हाच फायनल" असं उत्तर मागा. घरात दोघांची मतं वेगळी असतील तर दोघांना त्याच वेळी बोलवा.

धुणं

झाडं पाण्याने भिजवून प्लास्टिकने झाका. खाली संगमरवर किंवा कोटा असेल तर तोही झाका, ॲसिडने त्याची चमक जाते.

धुण्याची पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट. ती कोमट पाण्यात, लिटरला ५० ते ६० ग्रॅम. लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका, नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश नको. त्याचे कण लाकडात अडकतात आणि पहिल्या पावसात काळे डाग पडतात.

मशीन रुंद फवाऱ्याच्या नोझलवर, चाळीस अंशांच्या. बाजारातली मशीन १०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर असतात, पाइनला ४० बारच खूप झालं, सागवानाला ७० पर्यंत चालतं. दाब कमी करायची सोय नसेल तर लांबून मारा, फूट-दीड फुटावरून, आणि हात एका जागी थांबवू नका. लाकडावर लव उभी राहिली की समजा जास्त झालं. मशीन फक्त मळ धुवायला आहे, खरवडायला नाही.

धुतल्यावर लाकूड काळपट दिसतं, घाबरू नका. आता ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला २५ ते ३० ग्रॅम. फरशी पॉलिशवाले वापरतात तीच पावडर. दहा मिनिटांत रंग उजळतो आणि खिळ्यांचे काळे ओघळही बरेचसे जातात. मग भरपूर पाणी. पावडर विषारी आहे: ग्लोव्ह्ज, चष्मा, मास्क, आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा.

ब्लीच आणि ॲसिड कधीही, चुकूनही, एका बादलीत किंवा एकाच ओल्या लाकडावर येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच वापरलंच असेल तर पूर्ण धुवा, आणि ॲसिड दुसऱ्या दिवशी.

गंजलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावायचे असतील तर वेळ हीच.

वाळवणं

उन्हाच्या दिवसांत किमान दोन दिवस, दमट हवेत तीन-चार. मीटर १५ टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर थांबा. मीटर नसेल तर पाण्याच्या थेंबांची परीक्षा आणि हाताचा तळवा. बुंध्याशी आणि जोडांत मुद्दाम बघा, तिथे ओल शेवटपर्यंत राहते. "अहो, वाळलंय की!" असं गिऱ्हाईक म्हणेल, वरून ते खरंही दिसेल. मीटर त्यांच्याच हातात द्या.

घासणं आणि स्टेन

वाळल्यावर उभी राहिलेली लव ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. याहून बारीक पेपर मारून लाकूड आरशासारखं केलंत तर स्टेन आत जात नाही. फक्त कापलेल्या टोकांना १२० चालतो, कारण ती टोकं स्टेन फार पितात आणि काळी दिसतात. भुकटी ब्लोअरने किंवा कोरड्या ब्रशने झाडा.

कुठला स्टेन? बाहेरच्या लाकडाला माझं मत ऑइल बेस, बुरशीनाशक घातलेला, सेमी-ट्रान्स्परंट. रंगद्रव्य जितकं जास्त तितकं ऊन कमी लागतं, म्हणून पूर्ण पारदर्शक घेऊ नका. घरातलं मेलामाइन पॉलिश बाहेर टिकत नाही. पीयूचा थर चकचकीत दिसतो, पण एकदा पापुद्रे सुटू लागले की सगळं खरवडावं लागतं. अळशीचं तेल चोळून द्या असं सांगणारे काका भेटतील. नुसत्या तेलावर आपल्या पावसाळ्यात बुरशी पोसली जाते आणि सप्टेंबरात कुंपण काळं होतं.

सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर मध्येच शेड बदलते. तळापासून ढवळा, आणि काम चालू असतानाही ढवळत राहा. वरून खाली या, एक पट्टी पूर्ण लांबीची संपवूनच दुसरी घ्या, अर्ध्यावर चहाला जाऊ नका. जोडाची रेष आयुष्यभर दिसते. दहा-पंधरा मिनिटांत जेवढा मुरला नाही तेवढा चिंधीने पुसून काढा. वर साचलेला स्टेन चिकट राहतो, त्यावर धूळ बसते. दुसरा हात कधी, ते डब्यावर बघा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. टोकांना एक हात जास्त.

टॉवरमध्ये स्प्रे गन नको. वाऱ्याने उडालेले थेंब खालच्या गाड्यांवर बसले की तुमचा नफा पॉलिशवाल्या गॅरेजला जातो.

तेलाच्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका. सुकताना तेल तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. मोकळ्यावर पसरून पूर्ण सुकवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. हेल्परला हे पहिल्याच दिवशी सांगा. टेम्पोत मागे पडलेली एक पिशवीही पुरते.

हॅंडओव्हर

उरलेला स्टेन छोट्या डब्यात भरून गिऱ्हाइकाला द्या, त्यावर कंपनी, शेड, तारीख लिहा. चोवीस तास कुंपणाला टेकू नका, पाइप मारू नका, हे सांगून ठेवा. वॉरंटी देताना जपून. "पापुद्रे सुटणार नाहीत" हे मुरणाऱ्या स्टेनसाठी सांगता येतं, "रंग तसाच राहील" हे सांगता येत नाही. उभ्या पट्ट्यांना दीड-दोन वर्षांनी एक हात लागतो. डेक आणि कठड्याच्या वरच्या आडव्या फळीला बहुधा दर वर्षी.

दुसऱ्या वेळचं काम सोपं असतं: हलकं धुणं, एक हात, खरवडणं नाही. त्याचा भाव पहिल्याच बिलाच्या खाली लिहून द्या आणि पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटी फोन करायची नोंद स्वतःच्या फोनमध्ये टाका. हा हंगाम भरला नाही तरी पुढचा भरायला तेवढं पुरतं.